आमच्याकडे ठेवलेला नारायण

कासव हरवणं ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. त्यासाठी माणसाला वाचनाची आवड असावी लागते.

मला ती होती. ही हकीकत संयुक्त महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. (सुमन म्हणते, त्याच्याही पुढच्या. सुमन म्हणजे माझी बायको. तेव्हा त्याच्याही पुढच्याच.) मी दारव्ह्याला शाळेत मास्तर होतो. पगार बेताचा, डोक्यावर केस बेताचे, पुस्तकं मात्र बेताबाहेर! घर दोन खोल्यांचं आणि पुढे ओसरी. एका खोलीत आम्ही, चूल, अंथरुणं, धान्याच्या कोठ्या आणि सुमनच्या माहेरची ट्रंक. दुसऱ्या खोलीत नुसती पुस्तकं.

"पुस्तकाईले एक खोली अन् आमाले एक," सुमन आल्यागेल्याला सांगायची. "बरं हाये बापा, पुस्तकाईले लेकरं होत नाईत!"

त्या वर्षी ऊन असं पेटलं होतं, की कावळे चोच उघडत आणि मिटायचं विसरून जात. अंगणात अनवाणी गेलेला माणूस नाचतच परत येई. माझ्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांची खळ वाळून गेली आणि ती भर दुपारी टक् टक् आवाज करत आपोआप उघडू लागली. इतकी पुस्तकं एकाच वेळी उघडलेली माझ्या घरात त्याआधीही कधी दिसली नव्हती आणि नंतरही दिसली नाहीत.

मला त्यांची दया आली. मी पुस्तकांच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याची ताटी लावली. ताटीवर पाणी शिंपडायचं काम सुमनकडे आणि तिच्यातून येणारा गार वारा घ्यायचं काम माझ्याकडे, अशी आम्ही वाटणी करून घेतली. (आम्ही म्हणजे मी.) ताटी लागताच घरातल्या जनावरांनाही वाङ्मयाची ओढ लागली. शेरू नावाचा आमचा कुत्रा उंबऱ्याच्या आत पसरू लागला आणि मनी मांजर इतिहासाच्या फळीवर झोपू लागली. चुलीपाशी फक्त सुमन उरली.

आता विहीर. आमच्या पुऱ्याची, म्हणजे आमच्या आळीची, एक विहीर होती, आणि त्या विहिरीची मालकीण नसूनही मालकीण होती वच्छलामावशी. कोणी किती पाणी न्यायचं, कोणी आधी, कोणी मागून आणि कोणी मुळीच नाही, हे ती ठरवायची. विहिरीत एक कासव होतं. पाण्यातले किडे खावेत, पाणी निर्मळ राहावं, म्हणून कोण्या जुन्या माणसानं सोडलेलं. पण वच्छलामावशीनं त्याचं नाव नारायण ठेवलं आणि तेव्हापासून तो किडे खायचा ते सुद्धा आमच्यावर उपकार म्हणून.

त्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं. बाल्टीत पाण्यापेक्षा चिखल जास्त येऊ लागला, तेव्हा गाळ काढायचं ठरलं. पुऱ्यातला नथ्थूभाऊ, विहिरीत उतरण्यात आणि लोकांना खिजवण्यात सारखाच वाकबगार, खाली उतरला. पहिल्याच घमेल्यात वर आला तो नारायण!

वच्छलामावशीनं तिथंच हात जोडले. "आता याले ठेवाचं कोठं? विहिरीत झिरा लागेपर्यंत कोनाच्या तरी घरी राह्यला पायजे."

कोणाच्या घरी लेकरं होती, कोणाच्या घरी कोंबड्या होत्या, कोणाच्या घरी देवाला पुरेल इतकं पाणी नव्हतं. आणि माझ्या घरी काय होतं? तर ते माझ्या तोंडून निघून गेलं!

"कासवाविषयी माझ्याकडं पुस्तक आहे," मी म्हणालो.

सगळा पुरा माझ्याकडे वळला. विद्वत्तेचा असा मान मला त्याआधी मिळाला नव्हता. त्या मानात मी तरंगत असतानाच माझ्या हातात घमेलं आलं.

"मास्तर, सांभाळजा!" वच्छलामावशी म्हणाली. "थो गेला तं पानी गेलं. अन् पानी गेलं तं..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. नथ्थूभाऊनं विहिरीतूनच ते पुरं केलं, "...तं मास्तरले गाव सोडा लागते!"

घरी सुमननं घमेल्यात डोकावून पाहिलं.

"घरात प्याले पानी नाई, अन् तुमी याले आंघोळीले आनलं?"

"अगं, पुऱ्याची ठेव आहे. विश्वासानं दिली."

"कोनाच्या विश्वासानं?"

"माझ्या पुस्तकाच्या."

"मंग ठिक हाये," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर देल्लं असतं तं मले धास्ती होती."

नारायणाला पितळी घंगाळात ठेवलं आणि आमच्या घराचं देऊळ झालं. बायका दर्शनाला येऊ लागल्या. कोणी भाकर आणली, कोणी भात, एकीनं तर एकादशी म्हणून साबुदाण्याची उसळ आणली! नारायणानं कशाला तोंड लावलं नाही. साबुदाणा शेरूनं खाल्ला आणि एकादशी त्याला लागू पडली.

दुपारी मी ते पुस्तक काढलं. जाडजूड, प्राण्यांविषयीचं, सुरुवातीची पानं गेलेलं, त्यामुळे लेखक कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात लिहिलं होतं की, कडक उन्हाळ्यात कासवाला उघडं पाणी नको असतं. त्याला गारवा, अंधार आणि ओल हवी.

"पाहिलं?" मी सुमनला म्हटलं. "घंगाळ चूक आहे. शास्त्र वेगळं सांगतं."

मी नारायणाला उचललं आणि ताटीखाली, जिथं पाणी ठिबकून सारवलेली जमीन सदा ओली असायची, तिथं नेऊन ठेवलं. मग राखण करायला पुस्तक छातीवर घेऊन शेजारीच चटईवर पडलो. ताटीतून वाळ्याचा वास आला. वारा आला. कासवाविषयीचं पुढचं पान उलटावं म्हणून मी बोट ओलं केलं, आणि...

जागा झालो तेव्हा बोट वाळलं होतं आणि कासव नव्हतं.

ससा झोपला आणि कासव पुढे निघून गेलं, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात शिकवत होतो. त्यातला ससा मास्तर होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"सुमन! कासव पळालं!"

ती पदराला हात पुसत आली. "काय झालं?"

"पळालं."

"कासव?"

"हो."

"पळालं?" तिनं शब्द पुन्हा एकदा नीट ऐकून घेतला. "वासरू पळते, बकरी पळते. कासव पळाचं म्हंजे मानूस केवढा झोपला पायजे वो!"

(मी तिच्यावर चिडलो नाही. आमच्या गावच्या लहान रुळांच्या आगगाडीनं ज्याला प्रवासाची सवय आहे, त्याला कासव चांगलं वेगवान वाटतं.)

शोध सुरू झाला. रांजणामागं पाहिलं, पाट्याखाली पाहिलं, कोठीत हात घालून पाहिलं. कोठीत हात घातल्यावर गेल्या दिवाळीत हरवलेला माझा चष्मा सापडला, तो लावून पुन्हा सगळीकडे पाहिलं. नाही! शेरूची चौकशी केली, त्यानं शेपटी हलवली. पण तो कशालाही शेपटी हलवायचा. मनी मात्र पुस्तकांच्या कपाटापुढे बसून सगळ्यात खालच्या फळीकडे एकटक पाहत होती.

"बघ," मी म्हणालो, "या घरात राहून मांजराला सुद्धा ग्रंथांची गोडी लागली!"

"आवो, कपाट हालवून पाहू का?" सुमन म्हणाली. "इटावर हाये. खाली जागा हाये."

"खबरदार!" मी ओरडलो. "पुस्तकांना हात लावायचा नाही. महिनाभर खपून क्रम लावला आहे!"

सुमननं माझ्याकडे पाहिलं, मनीकडे पाहिलं, आणि दोघांपैकी कोणाला अक्कल आहे हे मनाशी ठरवून ती चुलीकडे वळली.

तेवढ्यात ओसरीवर बांगड्या वाजल्या. वच्छलामावशी! हातात हळदीकुंकवाचं ताट!

मी पुस्तक उघडून तोंडापुढे धरलं. पण सुमन! तिनं चुलीवरचा तवा उचलला, घंगाळात पालथा घातला, वरून ओलं फडकं अर्धवट टाकलं आणि पदर नीट करून म्हणाली, "या मावशी. हळू बोला. डोळा लागला त्याईचा."

वच्छलामावशी घंगाळापुढे बसली. फडक्याखालून तव्याची काळी गोलाई दिसत होती. तिनं त्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, दोन फुलं वाहिली आणि डोळे मिटले. आमच्या तव्याला त्या दिवशी जो मान मिळाला तो त्यावर भाकरी खाणाऱ्याला उभ्या जन्मात मिळाला नाही.

"लय वाळला वो नारायन," ती हळहळली. "पाठ पाहा कशी सपाट झाली."

"उन्हानं," मी म्हणालो.

"मान बी काढत नाई."

"तेही उन्हानं."

"उद्या सकाळी सोडाचा हाये बरं," उठता उठता ती म्हणाली. "झिरा लागला! नथ्थ्या म्हने, कंबरभर पानी आलं. वाजतगाजत नेऊ. सारा पुरा येते."

ती गेली. सुमननं तवा धुतला आणि मला विचारलं, "उद्या काय तवा सोडता विहिरीत?"

आता मेश्राम गुरुजींविषयी सांगायला हवं. ते आमच्याच शाळेत मास्तर. नाल्यापलीकडच्या नव्या वस्तीत राहत. त्या वस्तीनं छप्पन्नच्या दीक्षेनंतर जुने देव नाल्यापार केले आणि स्वतःच्या हातानं स्वतःची विहीर खोदली. गुरुजी माझ्याकडून पुस्तकं नेत. पुस्तकांच्या बाबतीत माझा नियम कडक होता. एक न्या, तर तुमचं एक माझ्याकडे ठेवा. गुरुजी नेमानं ठेवत. सगळी देवघेव ओसरीवर चाले. ओसरीच्या आत यायला त्यांना मी कधी मनाई केली नव्हती. या, असंही कधी म्हटलं नव्हतं. (वाचनालयात मात्र समतेवर माझी दोन व्याख्यानं झाली होती. दोन्ही चांगली झाली, असं मी ऐकलं. माझ्याच तोंडून.)

तर त्यांच्या विहिरीतही कासव होतं, हे मला ठाऊक होतं. ऊन लागू नये म्हणून मी खिशात कांदा घातला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि नाला ओलांडला.

गुरुजी लिंबाखाली बाजेवर वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की बाज करकरली.

"मंग? आता माह्याकडून काय पायजे?"

"तुमचं कासव. दोन-चार दिवसांसाठी. तोवर आमचं सापडेलच."

गुरुजी हसायचे थांबले. "आमच्या विहिरीतलं कासव तुमच्या विहिरीत चालते?"

"कासवाला काय गुरुजी, कासवाला पाणी म्हणजे पाणी."

"कासवाचं मले माहीत हाये," ते म्हणाले. "मी विहिरीचं इचारून राह्यलो."

मी घाम पुसला. ऊन फार होतं. मग मी भूतदयेवर थोडं बोललो. मग प्राणिमात्रांच्या एकतेवर. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, तुमच्या विहिरीवर मी एक डाव तहानेनं उभा होतो. तुमच्या वच्छलामावशीनं वरून वंजळीत पानी टाकलं, तेबी हात लांब करून. म्या पेलो नाई, निंगून आलो. अन् आता माह्यं कासव त्या विहिरीत आंघोळ करीन?" त्यांचे डोळे चमकले. "न्या! मले हे पाहाचंच हाये!"

त्यांनी विहिरीच्या पायऱ्या उतरून कासव हातानं वर काढलं आणि मी पुस्तकांसाठी आणलेल्या कापडी पिशवीत ठेवलं.

"याचं नाव काय?" मी विचारलं.

"कासव," गुरुजी म्हणाले.

परत येताना नेमका नाल्यावर नथ्थूभाऊ भेटला. अंगाला गाळ लागलेला, तोंडात विडी.

"कोठून आले मास्तर? एवढ्या उन्हात?"

"पुस्तकं आणायला गेलो होतो."

नथ्थूभाऊनं पिशवीकडे टक लावून पाहिलं. "तुमचं पुस्तक हालून राह्यलं."

"हो," मी म्हणालो. "फार जिवंत लिहिलेलं आहे."

घरी सुमननं नवा नारायण उजेडात धरून पाहिला. "हे लहान हाये."

"उन्हानं आटलं म्हणू."

"रंग बी उजळ हाये."

"हळद चोपड!"

सकाळी, ऊन चढायच्या आत, पुरा जमला. एक ढोलकी, एक झांज आणि न सांगता आलेलं गावातलं एक बेवारस गाढव, एवढ्या थाटात मिरवणूक निघाली. घंगाळ माझ्या डोक्यावर. त्यात हळदीनं माखलेलं, मुळीच ओळखू न येणारं, नाल्यापलीकडचं कासव. लांब, पिंपळाच्या सावलीत, छत्री उघडून मेश्राम गुरुजी उभे होते.

वच्छलामावशीनं नारळ फोडला. कासवाचे पाय धुतले. आणि ती ओवाळणार तेवढ्यात त्या गुणी प्राण्यानं मान बाहेर काढून थेट तिच्याकडे पाहिलं!

"ओळख देल्ली!" मावशी ओरडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माह्या नारायनानं मले ओळख देल्ली वो माय!"

आणि मग जे कोणी ठरवलं नव्हतं ते झालं. पाय धुतलेलं ते पाणी तिनं पळीपळीनं सगळ्यांना तीर्थ म्हणून वाटलं. स्वतः दोन पळ्या घेतल्या. बायकांनी घेतलं, बाप्यांनी घेतलं, सोवळ्यातल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांना लावून घेतलं. मीही घेतलं. पिंपळाखालची छत्री गदगदा हलत होती. वारा तर नव्हता.

कासव बाल्टीत बसून खाली गेलं आणि बुडुक करून दिसेनासं झालं. पुऱ्यानं जयजयकार केला. वच्छलामावशीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मास्तर होता म्हनून नारायन वाचला!"

असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. मी सगळ्यांना घरी पन्हं प्यायला बोलावलं! (कैऱ्या सुमनच्या, गूळ सुमनचा, उकडणं सुमनचं. आमंत्रण माझं.)

ओसरी भरली. वच्छलामावशी खांबाला टेकून बसली. नथ्थूभाऊ अंगणात उकिडवा. मेश्राम गुरुजी आपली छत्री मिटून ओसरीच्या कडेला, नेहमीच्या जागी. मी उभा राहून, कासव हा प्राणी शास्त्रीय पद्धतीनं कसा सांभाळावा, याविषयी चार शब्द सांगत होतो. सगळे माझ्याकडे पाहत होते. मग ते माझ्या पायांकडे पाहू लागले.

मीही पाहिलं. आतल्या दारातून, पाठीवर ओल्या मातीचा ढिगारा घेऊन, एकेक पाऊल जपून टाकत, नारायण येत होता. त्याच्या मागे मनी. तिच्या मागे शेरू. वरात कशी, अगदी तशी!

(नंतर पाहिलं तर कपाटाखाली, ताटीच्या पाण्यानं मऊ झालेल्या जमिनीत, त्यानं स्वतःपुरता खड्डा केला होता. कासव उन्हाळ्यात ओल्या मातीत स्वतःला पुरून घेतं, असं माझ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्या पानावर.)

"हा कोन?" वच्छलामावशीनं विचारलं.

"पाहुणा," मी म्हणालो.

नथ्थूभाऊ पुढे आला, वाकला आणि त्यानं पाठीवरची माती पुसली. डाव्या बाजूला, कधीकाळी बाल्टी लागून उडालेला टवका होता. पुऱ्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असलेला टवका.

"मावशी," तो म्हणाला, "हा तं आपला नारायन हाये."

"मंग विहिरीत कोन सोडला?"

ओसरीवर फक्त पन्ह्याचे पेले घामेजत होते. मी नाल्याकडे बोट केलं. "तो... आपल्या गुरुजींच्या विहिरीतला."

सगळ्यांच्या माना एकदम ओसरीच्या कडेला वळल्या. गुरुजींनी नम्रपणे नमस्कार केला.

वच्छलामावशीचा चेहरा मी विसरणार नाही. आधी तो लाल झाला, मग पांढरा. ती मनातल्या मनात हिशोब करत होती, हे स्वच्छ दिसत होतं. कासव बाटलेलं, तर विहीर बाटलेली. विहीर बाटलेली, तर तीर्थ बाटलेलं. आणि तीर्थाच्या दोन पळ्या कोणी घेतल्या? पुऱ्यातल्या इतर कोणी नाही!

तिनं पन्ह्याचा एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. आणि निकाल दिला.

"कासवाले कायची आली जात, बापा!"

ओसरीनं सुटकेचा श्वास सोडला. "खरं हाये, खरं हाये," म्हातारे म्हणू लागले.

"मंग मावशी," नथ्थूभाऊनं निरागस तोंड करून विचारलं, "मानसाले काहून असते वो?"

"तू चूप बस नथ्थ्या! पन्हं पे!"

एवढ्यावर मिटलं असतं. पण गुरुजी उठले. "मास्तर, माह्यं कासव?"

"विहिरीत आहे."

"थे मी पाह्यलं. वापस कवा?"

मी नथ्थूभाऊकडे पाहिलं. त्यानं कानाला हात लावले. "पानी चढून राह्यलं. आता उपसा पुढच्या गाळाले. मी आता उतरत नाई, विहिरीत साक्षात देव पडला तरी!"

"म्हंजे साल गेलं," गुरुजी म्हणाले. "हरकत नाई. तुमचाच नियम हाये मास्तर. एक न्या, एक ठेवा." आणि त्यांनी खाली वाकून नारायणाला उचललं.

वच्छलामावशी किंचाळली. "माह्या नारायनाले? नाल्यापार?"

"जपून ठेवतो मावशी. आमच्या विहिरीत पानी बक्कळ हाये. तुमी पाहाले येत जा."

"अन् नाई देल्ला तं?"

"तं माह्यं काढून द्या. आत्ता."

मावशीनं नथ्थूभाऊकडे पाहिलं. नथ्थूभाऊ पन्हं पीत होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी नियमाचा जनक, मी जमिनीकडे पाहत होतो. नारायण निघाला.

"अन् मी आमचं पाहाले रोज येत जाईन," पायरी उतरता उतरता गुरुजी म्हणाले. "मुके जनावर, करमनार नाई त्याले."

आता कोण कोणाला अडवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी विहिरीवर आले. काठावर हात टेकून खाली वाकले, कासवाला हाक मारली, मग आमचीच बाल्टी आमच्याच दोरानं खाली सोडली, भरून वर ओढली आणि ओंजळीनं पाणी प्याले. पुरा दारादारात उभा होता. विहीर खचली नाही. आभाळ कोसळलं नाही. गुरुजींनी फक्त तोंड वाकडं केलं.

"मचूळ हाये वो!" ते म्हणाले. "याच पान्याची एवढी राखन करून राह्यले होते काय तुमी?"

हे पाणी इतकं मचूळ आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते दुसऱ्या कोणी पिऊन सांगेपर्यंत आम्ही ते गोडच मानत होतो.

वच्छलामावशी त्याच दुपारी, डोक्यावर ओला पदर घेऊन, नाल्यापार नारायणाला पाहायला गेली. फार वेळ गेली. एवढ्या उन्हात, एवढं चालून, ती तिथं काय प्याली, हे तिनं सांगितलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी दर्शनाला जाताना तिच्या कमरेवर कळशी होती. देवदर्शनाला कळशी कशाला, असं विचारायची पुऱ्यात कोणाची छाती नव्हती. तिसऱ्या दिवसापासून तिच्यासोबत आणखी बायका दर्शनाला जाऊ लागल्या. सगळ्या कळश्या घेऊन. नारायणाची भक्ती त्या उन्हाळ्यात फार वाढली.

पावसाळ्याआधी वाचनालयात माझं समतेवर तिसरं व्याख्यान झालं. या वेळी माझ्याजवळ अनुभव होता! मी तो रंगवून सांगितला. जुनाट रूढीवर घाव कसा घातला, लोकांची मनं कशी वळवली, आणि एका कासवाच्या निमित्तानं दोन वस्त्या आपण कशा जवळ आणल्या. सबंध तास मी बोलत होतो. सभा कंदिलाभोवतीच्या पाखरांकडे पाहत होती.

शेवटी मी विचारलं, कोणाला काही शंका?

पहिल्या रांगेतून मेश्राम गुरुजी उठले. "मास्तर, एकच शंका. कासव जवा निंगालं, तवा तुमी नेमकं काय करून राह्यले होते?"

मी योग्य शब्द शोधू लागलो. चिंतन म्हणावं की अभ्यास, या विचारात होतो. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं, माझ्या चांगल्या ओळखीच्या आवाजात, खणखणीत उत्तर आलं.

"झोपले होते!"

टाळ्यांचा असा कडकडाट त्या वाचनालयात पुन्हा झाला नाही. मीही टाळ्या वाजवल्या. सबंध व्याख्यानात तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि तेही माझं नव्हतं.